तुडतुड्याचं आधी आडनाव, मग नाव

(सामुदायिक रेडिओवर आमच्या गटानं केलेलं हे बोलणं. ज्यांचं ऐकायचं राहून गेलं त्यांच्यासाठी इथे छापलं आहे.)

मैत्रिणींनो, खुरपं बाजूला ठेवा, घोटभर पाणी प्या आणि जरा निवांत ऐका. आज आम्ही एका किड्याबद्दल बोलणार आहोत. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा जीव, पण पऱ्हाटीचं अख्खं रान पिवळं करतो, आणि त्याच्या नावावर आपल्या घरातून हजारो रुपये दुकानात जातात. तो म्हणजे तुडतुडा.

तुम्ही म्हणाल, तुडतुडा कुणाला माहीत नाही? पान हलवलं की तुडतुड उड्या मारतो, तो तुडतुडा. आम्हालाही तसंच वाटायचं. मग मागच्या हंगामात आमच्या गटात एक गोष्ट घडली, तिथून आमचे डोळे उघडले.

पोळा होऊन बरेच दिवस झाले होते. थंडीची चाहूल लागलेली. आमच्यातल्या एका वहिनींच्या पऱ्हाटीची पानं लाल पडायला लागली. मालक एक पान खिशात घालून औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं पान उलटंही केलं नाही. "तुडतुडा आहे" म्हणाला आणि तीन बाटल्या एकत्र मिसळून मारायला सांगितल्या. पंप भरायच्या आधी वहिनी म्हणाल्या, "थांबा, आम्ही बाया जरा बघतो." आम्ही सातजणी रानात गेलो. ओळीओळीनं पानं उलटी करून पाहिली. तुडतुडे होते, पण पाच-सहा पानं पाहावीत तेव्हा एखादा सापडायचा. लाली मात्र खालच्या जुन्या पानांवर होती, शिरा हिरव्या आणि मधली जागा लाल. तो लाल्या होता. लाल्या काही कीड नाही. जमिनीत मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं, त्यात रात्रीचा गारवा वाढला, की पान असं लाल होतं. त्यावर कीडनाशकाच्या तीन काय, तीस बाटल्या ओतल्या तरी उपयोग शून्य.

त्या दिवशी बाटल्या परत गेल्या. आणि आम्ही ठरवलं की हा किडा नीट ओळखायला शिकायचं. कारण रानात सगळ्यात जास्त वेळ वाकून कोण असतं? निंदणीला आपण, खुरपणीला आपण, वेचणीला आपण. पानाची खालची बाजू पुरुषमाणसापेक्षा आपल्या डोळ्यासमोर जास्त येते.

आडनाव आणि नाव

कृषी विज्ञान केंद्रातल्या लोकांकडून पहिली गोष्ट समजली ती ही, की तुडतुडा हा एक किडा नाही, ते मोठं खानदान आहे. शास्त्राच्या भाषेत त्याला कुल म्हणतात. कुलात अनेक प्रजाती, आणि प्रजातीत अनेक जाती. प्रजाती म्हणजे आडनाव समजा आणि जात म्हणजे पाळण्यातलं नाव. आपल्याकडे नाव आधी आणि आडनाव नंतर येतं, शास्त्रात उलटं. आधी आडनाव, मग नाव.

आपल्या पऱ्हाटीवरच्या तुडतुड्याचं आडनाव ॲम्रास्का आणि नाव बिगुट्टुला. उच्चाराला घाबरू नका. लॅटिन भाषेत 'बि' म्हणजे दोन आणि 'गुट्टुला' म्हणजे लहानसा थेंब. म्हणजे दोन थेंबवाला. त्याची ओळख त्याच्या नावातच आहे, ती कशी ते आता सांगतो.

जुन्या पुस्तकांत याच किड्याचं आडनाव एम्पोआस्का लिहिलेलं सापडतं. १९६७ साली ॲम्रास्का ही प्रजाती वेगळी काढली गेली आणि पुढे आपला तुडतुडा तिच्यात गेला. किडा तोच, शेत तेच, फक्त अंगावरच्या खुणा बारकाईनं पाहिल्यावर घराणं वेगळं ठरलं.

आधी तुडतुड्याचं कुल ओळखा

पऱ्हाटीवर रस शोषणारे चार-पाच किडे एकाच वेळी असतात. त्यातून तुडतुडा निवडायचा कसा?

मावा गोल, मऊ, घोळक्यानं बसणारा. बोट लावलं तरी जागचा हलत नाही. फुलकिडे सुतासारखे बारीक आणि लांबट. त्यांनी खरवडलेलं पान चकाकतं आणि वरच्या बाजूला वळतं. पांढरी माशी पान हलवलं की पिठाची चिमूट उडावी तशी उडते. पिठ्या ढेकणाच्या अंगावर कापसासारखं पांढरं मेण असतं.

तुडतुडा यातल्या कशासारखाच नाही. त्याचं अंग पाचरीसारखं असतं, डोक्याकडे रुंद आणि शेपटीकडे निमुळतं. पंख पाठीवर घराच्या छपरासारखे उतरते मिटलेले असतात. आणि सगळ्यात पक्की खूण मागच्या पायावर असते. भिंगातून पाहिलं तर मागच्या तंगडीवर काट्यांची रांग दिसते, फणीच्या दातांसारखी. त्या पायांच्या जोरावरच तो उडी मारतो. फणीसारखे काटे दिसले की समजा, हा तुडतुड्याच्या कुलातला.

दुसरी खूण चालण्याची. पान उलटं केलं की पिल्लं सरळ पळत नाहीत. खेकड्यासारखी तिरकी, आडवी सरकतात आणि पानाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन लपतात. ही तिरकी चाल एकदा पाहिली की जन्मभर विसरत नाही. आमच्यातल्या ज्या आजींना भिंगातून नीट दिसत नाही, त्या नुसत्या चालीवरून सांगतात.

आता ॲम्रास्काच्या खुणा

मोठा तुडतुडा साधारण ३ मिलिमीटर लांब असतो. रंग फिकट हिरवा, पोपटीकडे झुकणारा. भिंग हातात घ्या आणि या दोन जागा पाहा.

पहिली जागा डोकं. डोक्याच्या वरच्या बाजूला, दोन डोळ्यांच्या मध्ये, दोन बारीक काळे ठिपके.

दुसरी जागा पंख. पुढच्या प्रत्येक पंखावर, मागच्या टोकाच्या अलीकडे, एकेक काळा ठिपका. पंख मिटलेले असले की पाठीवर शेपटीकडे ठिपक्यांची जोडी दिसते.

डोक्यावर दोन आणि पंखांवर दोन. हे चार ठिपके फिकट हिरव्या अंगावर दिसले, आणि किडा कपाशी, भेंडी किंवा वांग्यावर सापडला, तर तो आपला दोन थेंबवाला.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, पिल्लांना पंख नसतात आणि हे ठिपकेही नसतात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि मग त्याला पंख फुटतात. त्यामुळे पिल्लं दिसली तर त्याच पानावर, शेजारच्या पानावर मोठा किडा शोधायचा आणि त्याच्यावरून ओळख पटवायची. पानाच्या मागे पांढरट पातळ टरफलं चिकटलेली दिसली, तर ती टाकलेली कात. दोन, मेलेल्या आणि वाळलेल्या किड्याचा हिरवा रंग उडतो, ठिपके पुसट होतात. म्हणून ओळखायला किडा ताजा हवा.

आणि ठिपके नसलेला हिरवा तुडतुडा सापडला तर? तो दुसऱ्या आडनावाचा असू शकतो. एम्पोआस्का ही जवळची प्रजाती अशीच हिरवी असते. दिसायला भावकीतली असल्यानं डोळ्यांनी फरक सांगणं कठीण. तिथे शास्त्रज्ञ पंखांवरच्या शिरांची मांडणी पाहतात आणि नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. शेवटचा निकाल तिथेच लागतो. आपलं काम एवढंच, की शंका आली तर किडे छोट्या बाटलीत घालून, तारीख, गाव आणि पिकाचं नाव लिहून पोचवायचे.

त्याच कुलातले दुसरे दोघे

आडनाव ओळखण्याचा उपयोग काय, हे समजायला आपल्याच परसबागेत चला.

वांग्याच्या झाडाला कधी कधी बारीक बारीक पानांचा गुच्छ येतो. झाड झुडपासारखं दिसतं, फळ धरत नाही. त्याला पर्णगुच्छ म्हणतात, कुणी बोकड्या म्हणतं. हा रोग एका तुडतुड्यामुळे पसरतो. त्याचं आडनाव हिशिमोनस. तो हिरवा ठिपकेवाला नाही. अंग तपकिरी छटेचं, आणि पंख मिटले की पाठीच्या मधोमध एक गोलसर तपकिरी डाग जुळून दिसतो. दोन पंखांवर अर्धा-अर्धा असतो, मिटल्यावर पूर्ण होतो. हा डाग दिसला तर फक्त रस शोषण्याची काळजी नाही, रोगाची आहे. अशा वेळी गुच्छ आलेलं झाड मुळासकट उपटून नष्ट करायचं, कारण ते बरं होत नाही आणि त्याच्यावरून रोग पुढच्या झाडांवर जातो.

आता आंब्याकडे या. मराठवाड्याचा केसर आंबा नावाजलेला. मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात, मोहोर गळतो, पानं चिकट होतात आणि चिकट्यावर काळी बुरशी धरते. हे तुडतुडे करडे-तपकिरी, डोकं फार रुंद आणि आखूड, अंग ठसठशीत पाचरीचं. यांची आडनावं इडिओस्कोपस आणि ॲम्रिटोडस. ॲम्रिटोडस त्यांच्यात आकारानं मोठा आणि त्याच्या पाठीवरच्या त्रिकोणावर दोन ठिपके. इडिओस्कोपसच्या एका जातीत त्या त्रिकोणावर तीन ठिपके आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा. पाठीवरचा त्रिकोण म्हणजे मानेच्या मागे, दोन्ही पंख जिथे सुरू होतात तिथला लहान तुकडा.

पाहा, सगळे तुडतुडेच. पण कपाशीवरचा मोहोरावर गेला म्हणून आंब्याचं नुकसान होत नाही आणि मोहोरावरचा पऱ्हाटीत आला म्हणून घाबरायचं नाही. भेंडी आणि वांगी मात्र कपाशीच्या तुडतुड्याला आवडतात. पऱ्हाटीच्या बांधाला भेंडी असेल तर आधी भेंडीची पानं उलटी करून पाहा. खबर तिथे लवकर मिळते.

तो करतो काय

मादी पानाच्या शिरेच्या आत अंडी घालते, म्हणून अंडी आपल्याला दिसत नाहीत. पिल्लं आणि मोठे दोघेही पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतात. शोषताना आपली लाळ पानात सोडतात. त्या लाळेनं पानातल्या रसवाहिन्या बिघडतात. मग पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, खाली वळतात, पुढे लाल-तपकिरी होतात आणि करपल्यासारख्या वाळतात. लाल्यात लाली शिरांच्या मधे असते आणि खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते. तुडतुड्याचा रोख कडांवर असतो, पान आकसतं, आणि उलटं केलं की आरोपी जागेवरच सापडतो. आरोपी नसेल तर शिक्षा कुणाला देता?

आपल्याकडे मृगात किंवा त्यानंतर पेरलेल्या कपाशीवर जुलैपासून हा दिसायला लागतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात जोर धरतो. ढगाळ, दमट हवा त्याला मानवते. युरिया जास्त दिलेलं, लुसलुशीत, दाट माजलेलं झाडही त्याला आवडतं. पानावर दाट लव असलेलं वाण त्याला नकोसं होतं, कारण लवेतून बसायला आणि अंडी घालायला अडचण होते. बियाणं घेताना हे विचारायला हरकत नाही.

एक मोठा गैरसमज इथेच दूर करतो. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटी आहे म्हणजे कीड येणार नाही, असं आपण धरून चाललो. बीटीचं बळ बोंडअळीपुरतं. रस शोषणाऱ्या किड्यांवर त्याचा परिणाम नाही. म्हणून पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, तुडतुड्यासाठी पान उलटं करावंच लागतं.

हा दोन थेंबवाला आता आपल्यापुरता राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत तो पश्चिम आफ्रिकेच्या कपाशीत शिरला आणि २०२२च्या हंगामात तिथल्या शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातही पोचला. तिथल्या लोकांना तो नवा होता. त्यांनाही सगळ्यात आधी शिकवलं गेलं ते हेच, पंखावरचे काळे ठिपके पाहा.

मोजल्याशिवाय मारायचं नाही

ओळख पटली, आता मोजणी. आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत. एका एकरात तिरकं चालत, बांधाकडची झाडं सोडून, वेगवेगळ्या ठिकाणची २० झाडं निवडायची. प्रत्येक झाडाचं वरचं एक, मधलं एक आणि खालचं एक, अशी ३ पानं हळूच उलटी करायची. धसमुसळेपणा केला तर सगळे पळतात. पान तोडायचं नाही. तुडतुड्याची पिल्लं मोजायची.

२० झाडांची ३ पानं म्हणजे ६० पानं. समजा सगळी मिळून ९० पिल्लं निघाली. ९० भागिले ६०, म्हणजे पानामागे दीड. पानामागे २ ते ३ पिल्लं ही धोक्याची पातळी. दीड आहे तर फवारणीची घाई नको, चार दिवसांनी परत मोजा. १५० निघाली तर पानामागे अडीच झाली, आता हालचाल करा. आमच्या गटात आठवी शिकलेली मुलगी वहीत आकडे मांडते, बाकीच्या पानं पाहतात. एक एकराला अर्धा-पाऊण तास लागतो.

मोजताना आपले साथीदारही मोजा. ढालकिडा, त्याची काळपट अळी, क्रायसोपाची अळी, कोळी. हे तुडतुड्याची पिल्लं आणि बाकीचे मऊ किडे खातात. घाईनं जहाल औषध मारलं की आधी हे मरतात, आणि मग पांढरी माशी उसळते. पुन्हा पुन्हा एकाच गटातलं औषध मारलं तर तुडतुडा त्याला दाद देईनासा होतो.

पातळीच्या खाली असताना निंबोळी अर्क चालतो, आणि तो आपल्या हातचा आहे. ५ किलो निंबोळ्यांची पूड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि सगळं मिळून १०० लिटर करायचं. हा झाला ५ टक्के अर्क. ज्या दिवशी केला त्याच दिवशी मारायचा. पिवळे चिकट सापळे लावले तर मोठे किडे त्यावर अडकतात, आणि भिंगानं ठिपके पाहायची सोयही होते.

पातळी ओलांडली तर औषध घ्या, पण कोणतं आणि किती, हे कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून. आपल्या जिल्ह्यात पैठण रस्त्यावर एक केंद्र आहे, गांधेलीला दुसरं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशी तिथे मिळतात. दोन-तीन औषधं मनानं मिसळू नका.

हे आम्ही उगाच बजावत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या प्रत्येकाच्या मागे एक घर होतं. बाटलीवरचा त्रिकोण पाहायला शिका. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. फवारणी झालेल्या रानात लगेच खुरपायला जाऊ नका. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा. धुणारी आपणच असतो, विष आपल्याही हाताला लागतं. कुणाला मळमळ, चक्कर, अंधारी आली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. दवाखान्यात जा आणि बाटली सोबत न्या, तिच्यावर उतारा लिहिलेला असतो.

या आठवड्याचं काम

गटाच्या बचतीतून एक भिंग घ्या, दहा पट मोठं दाखवणारं. एक भिंग दहाजणींना पुरतं. भिंग मिळेपर्यंत मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून पाहा. पहाटे किडा गारव्यानं सुस्त असतो, तेव्हा पारदर्शक पिशवीत पानासकट धरायचा. मग क्रमानं विचारायचं. मागच्या पायावर फणीसारखे काटे आहेत का? पिल्लू तिरकं चालतं का? रंग हिरवा की तपकिरी? डोक्यावर दोन आणि पंखांवर दोन ठिपके आहेत का? पाठीवर गोल डाग तर नाही? उत्तरं वहीत लिहा, पिकाचं नाव आणि तारीख टाका.

ज्या वहिनींची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्यांच्या गळ्यात आता मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात भिंग असतं. परवा त्यांचे मालक पान घेऊन निघाले, पण दुकानाकडे नाही. आधी त्यांनी ते पान वहिनींपुढे धरलं आणि विचारलं, "बघ बरं, कोण आहे हा?"

पुढच्या वेळी तुमच्या वह्यांतले आकडे आम्हाला ऐकायचे आहेत. तोवर रामराम.